वीज गेली तर मासे कसे जपाल?

यंत्रमागांच्या भिवंडीत 2007 साली वीजवितरणाचं काम फ्रँचायझीकडे गेलं. देशातला तो पहिलाच प्रयोग. तरीही पावसापाण्यात, दुरुस्तीच्या वेळी वीज जातेच आणि घरातल्या फिशटँकचा पंप थांबतो.

खरा धोका प्राणवायूचा. 20 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला जेमतेम साडेसात. म्हणून उन्हाळ्यात वेळ दवडू नका. टाकीचं झाकण उघडा. तांब्याने पाणी काढून थोड्या उंचीवरून परत टाकीत सोडत राहा. खाणं बंद ठेवा. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस खाण्यावाचून राहतात. फायटर आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवाही घेतात. गोल्डफिशला मात्र आधी जपा.

बंद डब्याचा फिल्टर बरेच तास थांबला, तर आतले उपयुक्त जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर डब्यातलं पाणी फेका, स्पंज टाकीतल्याच पाण्यात खळबळा आणि मगच फिल्टर सुरू करा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेल्या जिवाणूंनाही मारतं.

छोट्या एअर पंपाला पाच वॉट वीजही पुरते. इन्व्हर्टर नसेल, तर बॅटरीवर चालणारा पंप आजच घरी आणून ठेवा.