यवतचा डास आणि विषाणूचा माग



पदवीदानासाठी भूगावची वाहतूक कोंडी पार करून भुकूमला वेळेवर पोचल्याबद्दल आधी पालकांचं अभिनंदन. विषाणूही आपल्याच रस्त्यांनी, आपल्याच गाड्यांतून हिंडतो. तो कुठून कुठे गेला याचा माग काढण्याचं काम चांदणी चौकापलीकडे, पाषाणच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत चालतं. त्यातली एक हकिकत सांगतो.

चिकुनगुन्याची साथ १९६५ साली नागपुरात आली, १९७३ साली बार्शीत. मग तीस-बत्तीस वर्षं सामसूम. २००५च्या अखेरीस चिकुनगुन्या परतला आणि २००६ साली देशभरात तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. जुनाच विषाणू पुन्हा उठला असेल, असं मानणं सोपं होतं. संस्थेने जनुकक्रम तपासला तर बार्शीचा विषाणू आशियाई कुळातला आणि २००६चा आफ्रिकी! खरी गंमत तर पुढेच आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, सोलापूर रस्त्यावरच्या यवतला २००० साली पकडलेल्या एडिस डासांतून वेगळा केलेला विषाणू संस्थेने जपून ठेवला होता. तोही आफ्रिकी कुळातलाच निघाला. साथीच्या निदान पाच वर्षं आधी हे कुळ इथे होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

म्हणून साथ यवतहून पसरली म्हणायचं का? मुळीच नाही. यवतला कुणीतरी डास पकडले, म्हणून यवतचं नाव आलं. शेजारच्या गावात कुणी गेलं असतं, तर कदाचित त्याचं नाव आलं असतं.

कुळ ओळखण्याची रीत पुणेकरांना नवी नाही. भांडारकर संस्थेत महाभारताच्या शेकडो पोथ्या पुढ्यात घेऊन चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं. दोन पोथ्यांत तीच चूक तशीच आढळली, तर त्या बहुधा एकाच प्रतीवरून उतरवलेल्या. विषाणूही स्वतःची नक्कल करताना चुकतो. कोरोनाच्या सुमारे तीस हजार अक्षरांत महिन्याला साधारण दोन चुका टिकून राहतात. त्या जुळवत गेलं की वंशावळ उभी राहते. पण पोथी कोणत्या गावची, हे पोथीवर कुणी लिहिलेलं असेल तरच कळतं. विषाणूच्या गावाचंही तसंच.

फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावतीत कोरोनाचे रुग्ण भराभर वाढले, टाळेबंदी लागली. २४ मार्चला केंद्राने जाहीर केलं की महाराष्ट्राच्या पंधरा ते वीस टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल आहेत. ‘डबल म्युटंट’ हे नाव वाऱ्यासारखं पसरलं आणि महाराष्ट्राच्या कपाळी जणू शिक्काच बसला. त्याच बी.१.६१७ कुळातली एक शाखा पुढे डेल्टा झाली. ती इथे सापडली हे खरं. इथेच उपजली, हे सिद्ध करायला आजूबाजूच्या राज्यांतूनही तेवढेच नमुने हवे होते. माझ्या मते तेव्हाच्या बातम्यांनी हा फरक पार धुऊन टाकला.

आणि नमुने येतात तरी कुणाचे? जो दवाखान्यात गेला, ज्याची आरटीपीसीआर झाली, ज्याच्या नमुन्यात विषाणू भरपूर होता, त्याचे. घरी किट वापरणाऱ्याचा नमुना थेट कचऱ्याच्या डब्यात जातो. यावर तोड म्हणून पुण्यात सांडपाणी तपासलं गेलं. सांडपाण्याला ना लक्षणं लागतात, ना डॉक्टरची चिठ्ठी. पण त्यासाठी आधी गटार हवं. मुळशीतल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर मैला शोषखड्ड्यात जिरतो. तिथलं काही शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचतच नाही.

मग अशा वस्तीचा नमुना घ्यायचा कुठून? बाजाराजवळच्या सार्वजनिक शौचालयातून, वसतिगृहाच्या टाकीतून, की एसटी स्टँडवरून? तुमच्यातल्या ज्यांना या कामात उतरायचंय, त्यांनी संगणक उघडण्याआधी एकदा पौडला जावं आणि तिथल्या आरोग्यसेविका आशाताईंना विचारावं. कोणत्या वाडीतली माणसं कुठे कामाला जातात आणि कधी परततात, हे त्यांना तोंडपाठ असतं.