काढ्याचा हिशेब

आमच्या परसातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल आजीच्या काळापासूनची. ताप आला की अम्मी तिचं बोटभर कांड ठेचून उकळायची. ताप उतरला की काढा बंद.

२०२० साली हा रिवाज मोडला. जिकडेतिकडे एकच शब्द : प्रतिकारशक्ती! आमची थोरली आपा रोज दोनदा काढा घेऊ लागली. ‘‘अरे, झाडपाल्याचं औषध. त्यानं काय होणार?’’ ती म्हणायची. मी कवी, बी.ए.ला मराठी घेतलेला. मीही मान डोलावली. तिसऱ्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांचा संशय काढ्यावर आला. आपाला थायरॉइड आहे, हे त्यांना ठाऊक होतं. काढ्याचं मात्र आम्ही सांगितलंच नव्हतं. ते औषधात मोजलंच नव्हतं.

मग मी वाचत गेलो. गुळवेलीत नुसता कडूपणा नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तिच्या खोडातून एक बहुशर्करा वेगळी काढली. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तिच्यामुळे चेततात, असं प्रयोगशाळेत दिसलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडल्यानं कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल देऊन पाहिली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गुळवेल घेतलेले रुग्ण अधिक संख्येनं वाचले होते. म्हणजे आजी खोटी नव्हती.

मग काविळीत कामी आलेल्या वेलीनं कावीळ कशी व्हावी? २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असते. पुढच्या वर्षी अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. कित्येकांत ही सूज स्वप्रतिकार आजारासारखी होती. रक्षक पेशी आपल्याच यकृतावर चालून गेलेल्या.

झोपलेल्या राखणदाराला उठवणं चांगलंच. पण जो आधीच घरच्यांना चोर समजतो, त्याला आणखी चेतवायचं का? थायरॉइडचे बरेच विकार अशाच गैरसमजातून होतात.

आपा सावरली. वेल मी तोडली नाही. मात्र कुणी कांड मागायला आलं, की आधी विचारतो : ‘‘थायरॉइड, संधिवात, यकृताचं काही? आणि डॉक्टरांना सांगितलंत का?’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)