मुंग्या आलेला हात



आज मी अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला आले. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर सलग १०५ तास ३३ मिनिटं काम चाललं, ७५ किलोमीटरची एक मार्गिका डांबरली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. काम रात्रंदिवस सुरू राहिलं, कारण हात शेकडो होते आणि माणसं पाळीपाळीने उतरत होती. संगणकासमोर बसलेल्या माणसाला पाळी बदलून द्यायला कोणी नसतं. तीच दहा बोटं, तेच मनगट, सकाळपासून रात्रीपर्यंत. त्या मनगटाबद्दल बोलायला मी आले आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सुरुवातीच्या वर्षांत दुखऱ्या हाताचे पेशंट म्हणजे मुख्यतः कापूस वेचणाऱ्या बाया. अंगठा आणि दोन बोटांनी दिवसभर बोंडातून कापूस ओढायचा. हंगामात अंगठ्याचं मूळ सुजायचं. त्या आजही येतात. त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर आता टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं बसतात, पीक विम्याचे अर्ज भरून हात भरून आलेले सेवा केंद्रातले ऑपरेटर बसतात, पुण्याच्या कंपनीचं काम इथल्या घरून करणारी सून बसते. तक्रार बहुतेकांची सारखीच: "रातच्याले हात बधीर होते जी. झटकारला की बरं वाटते."

हे झटकारणं फार महत्त्वाचं लक्षण आहे. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराच्या खाली असतात. तिथून दोरीसारख्या कंडरा निघतात आणि मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या आठ लहान हाडांची पन्हळ असते, तिच्यावर एक चिवट पट्टा ताणलेला असतो. त्या चिंचोळ्या वाटेतून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना त्या मज्जातंतूकडे. मनगट वाकलं की वाटेतला दाब वाढतो. झोपेत आपण हात मुडपून घेतो, म्हणून मध्यरात्री जाग येते. मुंग्या करंगळीला असतील, तर मात्र कोपर आणि मान तपासावी लागते. आणि सगळा दोष कीबोर्डवर टाकू नका. ही वाट नुसत्या टायपिंगने किती दाबली जाते, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही ती दाबली जाते. त्यामुळे चाळिशीपुढचा माणूस मुंग्या घेऊन आला, की मी साखर तपासून आणायला सांगते.

दुखणं संगणकाने आणलेलं नाही. कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिणारा इटलीतला वैद्य रामाझ्झिनी याने १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांचं दुखणं नोंदवलं आहे. कारणं त्याने तीन सांगितली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. त्याने एका लेखनिकाची हकिगत दिली आहे. उजवा हात निकामी झाला म्हणून तो डाव्याने लिहायला शिकला, आणि काही काळाने डाव्यालाही तेच झालं. पुढे तारयंत्र आलं, आणि १९०८ मध्ये ब्रिटनने तारबाबूंच्या हाताचा पेटका भरपाई मिळणाऱ्या आजारांत घातला. जवळपास दोनशे वर्षं लागली. तोवर किती जणांना कामचुकार म्हटलं गेलं असेल, या विचाराने मला आजही राग येतो. कारण आपल्या घरांत मी तेच ऐकते: "अभ्यास नको म्हणून हात दुखते हिचा."

जुन्या टाइपरायटरची कळ जड होती, पण ओळ संपली की हात उचलून गाडा सरकवावा लागे आणि पान संपलं की नवा कागद चढवावा लागे. ती विसाव्याची जागा यंत्रानेच ठेवली होती. संगणकावर ओळ आपोआप खाली जाते, कागद संपत नाही. आता विसावा आपण ठरवून घ्यावा लागतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात कीबोर्डवरून काढा, उठा, पाणी प्या.

ज्या गावात १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, त्या गावाला पुढची गोष्ट मी काय शिकवणार? नव्या पोराकडून पहिल्याच दिवशी कोणी पाचशे जोर काढून घेत नाही. वजन हळूहळू चढतं. पण टायपिंगमध्ये मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग गाठायचा म्हणून तोच पोरगा परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एक तासाचा सराव सहा तासांवर नेतो. माझ्याकडे येणाऱ्या तरुण हातांमागचं सर्वांत मोठं कारण ही एकदम वाढलेली मेहनत आहे.

इथे माझी एक चूक सांगते. मूर्तिजापूरकडची एक मुलगी दुखरं मनगट घेऊन आली होती. मी तिला सहा आठवडे पट्टा बांधून पूर्ण विश्रांती सांगितली. ती आज्ञाधारक होती. हात ताठरला, ताकद गेली, परीक्षाही गेली. आता मी हात बंद करत नाही. पट्टा फक्त रात्री, मनगट सरळ ठेवण्यापुरता. दिवसा दुखणं वाढणार नाही इतकंच टायपिंग, मग दर आठवड्याला थोडं अधिक. जोडीला बोटं पूर्ण उघडणं-मिटणं आणि हलक्या वजनाने कोपराखालच्या स्नायूंना बळ देणं. याने भागलं नाही तर इंजेक्शन असतं, मज्जातंतू फारच दाबला असेल तर छोटी शस्त्रक्रियाही असते. अंगठ्याखालचा फुगीर भाग बसायला लागला, हातातून कप निसटू लागला, तर एक दिवसही घालवू नका. पण काम थांबवल्यावर रात्रभरात दुखणं जातं, तेव्हाच लक्ष दिलं तर बहुतेकांना यातलं काही लागत नाही.

महागडी खुर्ची घ्यायची गरज नाही. आपल्याकडची टेबलं लिहिण्यासाठी केलेली, म्हणून टायपिंगला उंच पडतात; खांदे वर चढतात, मनगट मुडपतं. खुर्चीवर गादी घाला, पाय लोंबकळले तर खाली दोन विटा ठेवा. कोपर कीबोर्डच्या पातळीला आलं की झालं. लॅपटॉप असेल तर तो पाटावर चढवा आणि वेगळा कीबोर्ड जोडा. माऊस हाताशी ओढून घ्या.

टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणारे काही जण इथे बसले आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: वेळ लावायला तुमच्याकडे घंटा आहेच, ती सरावाच्या तासातही मध्ये दोनदा वाजवा आणि सगळ्यांना उभं करा.

बाजूच्या खोलीत मी नऊ वाजेपर्यंत आहे. ज्यांना हात दाखवायचा असेल त्यांनी यावं. ज्यांची परीक्षा याच आठवड्यात आहे, त्यांना आधी सोडा.