उसने भावोजी

आधी माझी ओळख. दिवसा मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करतो आणि संध्याकाळी हातात माइक घेतो. बारसं, मंडळाचा गणपती, नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू, कुठंही बोलवा. 'खेळ पैठणीचा' असला की फलकावर माझ्या नावापुढं 'भावोजी' छापतात. हे बिरुद माझं नव्हे. ते उसनं आणलेलं आहे, आणि ज्यांच्याकडून आणलं त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

आदेश बांदेकर कोण, हे महाराष्ट्राला सांगावं लागत नाही. दूरदर्शनवरच्या 'ताक धिना धिन' या गाण्याबजावण्याच्या खेळातून ते आपल्याला माहीत झाले. २००४ सालच्या सप्टेंबरात तेव्हाच्या अल्फा मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं. पुढं वाहिनी झी मराठी झाली, पण कार्यक्रम २०२२ पर्यंत म्हणजे अठरा वर्षं चालला. एवढ्या काळात पोरीच्या सासू झाल्या!

तो चालला का, याचा मी माझ्यापरीनं पुष्कळ विचार केला आहे. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आलं, तेव्हा माणूस घरातून उठून झगमगत्या मंचावर जायचा. इथं उलट झालं. कॅमेराच उंबरठा ओलांडून आत आला. ज्या बाईचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठं लिहिलं गेलं नव्हतं, तिला विचारलं गेलं, लग्न कसं जमलं, पहिला स्वयंपाक कसा बिघडला. शेजारी नवरा अवघडून बसलेला. सासूबाई कौतुकानं बघताहेत. आणि शेवटी जिंकणारीच्या हातात पैठणी. आमच्या घरी संध्याकाळी साडेसहाला आई देवापुढं दिवा लावायची आणि लगेच टीव्हीसमोर बसायची. वडील वर्तमानपत्र तोंडापुढं धरायचे, पण पान उलटायचे नाहीत.

बांदेकरांनी २००९ मध्ये माहीममधून शिवसेनेतर्फे विधानसभेची निवडणूक लढवली. ती ते हरले. लोकांनी आमदार केलं नाही, भावोजी मात्र राहू दिलं. २०१७ साली सिद्धिविनायक मंदिर न्यासाचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं. २०२० मध्ये टाळेबंदीनं दारं बंद झाली, तेव्हा हाच खेळ 'घरच्या घरी' व्हिडिओ कॉलवरून झाला. २०२२ साली 'महामिनिस्टर'मध्ये अकरा लाखांची पैठणी लागली. पैठणीची किंमत वाढली, तरी विचारण्याची रीत तीच राहिली.

आता आमच्यासारख्यांचं. 'होम मिनिस्टर'नं गावोगाव आमची एक जमातच तयार केली. मंडळाला महिलांचा कार्यक्रम हवा असतो, नगरसेवकाला गर्दी हवी असते. मग संगीत खुर्ची, फुगे फुगवणं, उखाणे आणि शेवटी पैठणी. मीही टीव्ही बघून बघून शिकलो. हात जोडायचे कसे, 'वहिनी' कसं म्हणायचं, नवऱ्याची फिरकी कुठं घ्यायची. हशा कसा मिळवायचा ते लवकर जमलं. बाकीचं जमलं नव्हतं, हे एका संक्रांतीला कळलं.

एका पेठेत हळदीकुंकू होतं. मांडव भरलेला. तिसऱ्या रांगेत निळ्या साडीतल्या एक बाई सगळ्या खेळांना मनापासून टाळ्या देत होत्या. मी माइक घेऊन त्यांच्यापुढं गेलो. "वहिनी, एक उखाणा होऊन जाऊ दे." त्या अर्ध्या उठल्या आणि थांबल्या. मला वाटलं, लाजल्या. मी म्हणालो, "साहेबांचं नाव घ्यायला एवढा वेळ? भांडण झालंय वाटतं!" मांडव हसला. शेजारची बाई हळूच म्हणाली, "अहो, त्यांचे मालक गेलेत." हळूच म्हणाली, पण माइक तिच्या तोंडाशी होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या बाई खाली बसल्या. पुढचा खेळ मी कसा घेतला, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या एका कार्यकर्त्याला घेऊन त्यांच्या घरी गेलो. हात जोडले. चुकलं म्हणालो. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही बोलावलंत, तेव्हा मला बरं वाटलं होतं. उठलेच होते की मी. पण मग बायका बघायला लागल्या." जरा थांबून म्हणाल्या, "मला उखाणा नको होता. मला खुर्चीचा खेळ खेळायचा होता."

श्रोतेहो, मी माफी मागायला गेलो होतो ती चेष्टेची. त्यांची तक्रार वेगळीच होती. त्यांना खेळायचं होतं आणि माझ्या खेळात त्यांना जागाच नव्हती. 'वहिनी' या शब्दातच नवरा गृहीत आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यानंतर मी 'होम मिनिस्टर' पुन्हा नीट बघू लागलो. हशाकडं कमी आणि प्रश्नाकडं जास्त. ध्यानात आलं, की त्या माणसाचं खरं कसब बोलण्यापेक्षा ऐकण्यात आहे. उत्तर येईपर्यंत तो थांबतो. आम्ही नक्कल करणाऱ्यांनी त्यांचं बोलणं तेवढं उचललं, थांबणं राहूनच गेलं.

मी तीन गोष्टी बदलल्या. आधी बाईंचं नाव विचारतो, तिचं स्वतःचं. उखाणा कुणाच्याही नावानं घ्या म्हणतो, आईच्या, लेकीच्या, स्वतःच्याही. आणि संयोजकांना आधीच सांगतो, खेळ मांडवातल्या प्रत्येकीसाठी असेल, नाहीतर दुसरा निवेदक बघा. दोन कार्यक्रम त्यामुळं गेले. पुढच्या संक्रांतीला त्याच पेठेत निळ्या साडीवाल्या बाई संगीत खुर्चीत उतरल्या. दुसऱ्याच फेरीत बाद झाल्या आणि "गाणं लवकर बंद केलंत!" म्हणून माझ्याशी भांडल्या. एवढं गोड भांडण माझ्या वाट्याला क्वचित आलं आहे.

पुढं ४ मे २०२२ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की पती वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे प्रकार बंद. ते राजर्षी शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून हा आदर्श इतर गावांनीही घ्यावा, असं सांगितलं. ठरावानं सगळं बदलतं असं नाही. हळदीकुंकवाच्या ताटापाशी हात अजून अडखळतो, ते मला मंचावरून दिसतं.

टीव्हीवरचा तो कार्यक्रम संपला. आमचे मांडव चालूच आहेत. फलकावर अजूनही 'भावोजी' छापतात आणि मी छापू देतो. उसनं घेतलेलं बिरुद आहे, ते जपून वापरायला हवं, एवढं मात्र आता कळलं आहे.