भय आणि श्रद्धा



ज्युबिलीच्या या नोव्हेनांत आज आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचें स्मरण करावें, असें आम्हीं योजिलें आहे. कारण असें कीं, शस्त्रक्रियेस जाण्यापूर्वीं कित्येक जण आम्हांस हळूच विचारतात, "फादर, भय वाटतें, आमची श्रद्धा कमी पडली काय?" आम्हां प्रवचनकारांच्या मुखीं हुतात्मे पाषाणाचे होऊन बसतात, त्याचाच हा परिणाम होय.

गोन्सालो कांहीं एका दिवसांत हुतात्मा झाले नाहींत. तरुणपणीं ते जेज्विट धर्मगुरूंबरोबर जपानांत गेले, तेथील भाषा शिकले, कित्येक वर्षें लोकांस धर्मशिक्षण दिलें. परंतु त्या संघांत त्यांस प्रवेश मिळाला नाहीं. हें दुःख थोडें नव्हे! त्यांनीं व्यापार धरिला. पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन बंधु झाले आणि १५९३ सालीं दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत गेले. पूर्वीं शिकलेली भाषाच आतां कामास आली.

१५९७ च्या जानेवारींत क्योतो शहरीं त्यांच्या व सोबत्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला. मग भर हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंत सुमारें एक महिन्याची वाट. निघाले तेव्हां चोवीस होते. वाटेंत त्यांची सेवा करणारे दोघे त्यांतच धरले गेले. सव्विसांत बारा वर्षांचा लुई नांवाचा मुलगाहि होता. ५ फेब्रुवारीस निशिझाका टेकडीवर सर्वांस क्रूसांवर बांधून भाल्यांनीं मारण्यांत आलें.

त्या वाटेवर भय नव्हतें असें आम्ही मानीत नाहीं. प्रत्यक्ष प्रभूस गेथशेमानी बागेंत तें वाटलें. तो व्याकुळ झाला, प्याला टळावा म्हणून त्यानें पित्यास विनविलें, आणि तीच प्रार्थना पुन्हां पुन्हां केली. निश्चिंत निजले होते ते शिष्य! आपलें भय देवापुढें बोलून दाखविणें हीच तेथें प्रार्थना झाली. आणि ज्यानें एकदां असें केलें, त्यास शेजाऱ्याच्या डोळ्यांतलें भय दिसूं लागतें, तो त्याच्या खाटेजवळ बसूं शकतो, हें आम्हीं या गांवांत अनेकदां पाहिलें आहे.

ज्यांच्या घरीं कोणी आजारी असून भीत असेल, त्यांनीं आम्हांस निरोप धाडावा. आम्ही परमप्रसाद घेऊन येऊं, आणि प्रथम थोडा वेळ नुसतेच जवळ बसूं.