चारचौघांतली शिकवणी

गिटारवर एकच स्वर दोन-तीन तारांवर निघतो. पण तार बदलली की त्याचा रंग पालटतो. म्हणून बोट कुठे ठेवायचे, हा काही क्षुल्लक प्रश्न नव्हे.

स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांचा वर्ग भरे तो सर्वांदेखत. एकाने वाजवायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. १९८६ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, लॉस एंजेलिसला एका तरुणाने त्यांची ठरलेली बोटे बदलली. म्हातारबुवांनी त्याला भर वर्गात झाडले! त्यांचेच नामांकित शिष्य जॉन विल्यम्स यांचीही तक्रार हीच, की गुरूंना आपली नक्कल हवी असे.

आता गुरुजी, तुम्हीच सांगा. पोराने फळ्यावर उत्तर बरोबर काढले, पण रीत त्याची स्वतःची. तर तुम्ही आधी काय विचारता हो?