पतीची सही



  आपल्या डॉक्टरांच्या संघटनेत अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तांबी, इंजेक्शनं, गर्भपाताच्या गोळ्या हे सगळे विषय सत्रांमध्ये येणारच आहेत, म्हणून मी ते तिथंच सोडते. कित्येक वर्षं मनात साठलेलं एकच बोलते.

आपल्या दवाखान्यांतल्या संमतीपत्रांवर खाली एक ओळ छापलेली असते : पतीची सही. ही ओळ कुठल्या कायद्यात आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

१९७१च्या गर्भपात कायद्यानुसार अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मानसिकदृष्ट्या सक्षम बाईची स्वतःची संमती पुरते. नसबंदीसाठी केंद्र सरकारनं २००६ साली मानकं ठरवली, त्यांतही जोडीदाराची संमती आवश्यक नाही असं स्पष्ट आहे. मूल होऊ द्यायचं की नाही, हा निर्णय घटनेच्या कलम २१मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं. त्याच न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२च्या निकालानं अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताची वाट मोकळी केली आणि घरच्यांच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असं बजावलं. डॉक्टरांनी, म्हणजे आपण.

सकाळी एक तरुण सहकारी मला म्हणाले, "मॅडम, कायदा ठीक आहे, पण नातेवाईक येऊन काचा फोडतात तेव्हा कायदा येत नाही." त्यांची भीती खरी आहे. माझ्याही दवाखान्यात एक नवरा चार माणसं घेऊन आला होता. "मला न विचारता ऑपरेशन केलंच कसं?" मी त्याला बसवलं, बायकोनं सही केलेला कागद समोर ठेवला आणि म्हटलं, शरीर तिचं, सही तिची. तो बराच वेळ बडबडला आणि निघून गेला. दवाखाना अजून उभा आहे.

आता दुसरी बाजू ऐका. गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीआधीची गोष्ट. दोन सिझर झालेली एक बाई, नवरा ट्रकवर, महिनोन् महिने परराज्यात. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती वेळेत, नवव्या आठवड्यात, एका दवाखान्यात गेली. त्यांनी सांगितलं, नवऱ्याला घेऊन ये. तिनं फोन केले, वाट पाहिली, पुन्हा गेली, पुन्हा परत पाठवली. माझ्याकडे आली तेव्हा वीस आठवडे उलटून गेले होते आणि कायद्यानं माझे हात बांधलेले होते. तिचं तिसरं सिझर मीच केलं. चिकटलेल्या आतड्यांतून वाट काढताना रक्त किती गेलं, ते इथल्या प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. ती वाचली. पण जो धोका तिला नको होता तो तिच्या पोटावर कुणी लादला? ज्या सहीसाठी तिला थांबवलं, ती कायद्यानं मागितलीच नव्हती. आणि पुरुष नसबंदीला आलेल्या माणसाला "आधी बायकोला घेऊन या" असं सांगताना मी तरी आजवर कुणाला ऐकलेलं नाही.

मुलांबाबत ठरवण्याचा हक्क काही आजचा नाही. १९६८ मध्ये तेहरानच्या जागतिक परिषदेनं मुलं किती आणि केव्हा हे ठरवणं हा पालकांचा मूलभूत मानवी हक्क मानला. १९७४ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत तो जोडप्यांबरोबर व्यक्तींचाही झाला. पण महाराष्ट्रानं तेहरानची वाट पाहिली नव्हती. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आपल्या मतांपायी प्राध्यापकी गमावली, खटले सोसले. १९३४ साली त्यांच्या बाजूनं कोर्टात बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. एक गणिताचा प्राध्यापक, एक वकील. आपलं काम त्यांनी केलं, आणि आपण? आपण अजून नवऱ्याची वाट पाहतो आहोत!

मला हे बोचतं, कारण हा अडसर सरकारनं घातलेला नाही. तो आपल्या छापखान्यातून आला आहे. तो काढायला विधानसभा लागत नाही.

तेव्हा या वर्षी संघटनेनं मराठीत एक साधं संमतीपत्र तयार करावं, ती ओळ वगळून. अडचणीत आलेल्या सभासदाच्या पाठीशी उभं राहायला चार वकीलही गाठीशी हवेत. तपशील मी ठरवलेले नाहीत. दुपारच्या जेवणानंतर मागच्या दालनात बसू, ज्यांना काम करायचं आहे त्यांनी यावं. येताना आपापल्या दवाखान्यातला फॉर्म घेऊन या.